दोन मीटर चाळीस

एकतीस वर्षं मी या कालव्याची खोली लिहिली
पणजीच्या कचेरीत, पंख्याखाली, बारीक निबानं.
दोन मीटर दहा. दोन ऐंशी. एक नव्वद.
ओला झालो तो फक्त घामानं.
अक्षर मात्र असं, की साहेब म्हणायचे,
आकडे नव्हेत हे, सुपात निवडून ठेवलेले तांदूळ.

म्हणून निवृत्तीनंतर, बायकोच्या शब्दांत खुळ्यासारखा,
शाबलो पागीच्या होडीत एका रात्रीची जागा घेतली:
रायबंदरहून निघायचं, कुंभारजुव्याच्या कालव्यातून
उजाडता उजाडता जुवारीत उतरायचं.
जेवण धरून. गाद्या चार. शाबलो निजत नाही.

इचलकरंजीचं एक नवं जोडपं होतं,
त्यांना कोणीतरी डॉल्फिन कबूल केले होते.
आणि दिवाडीच्या एल्विराबाई, मांडीवर पावाची पिशवी.
"पावसात मांडवीचं तोंड बंद झालं की
माझा घोव इथून बार्ज न्यायचा,"
एवढंच बोलल्या, आणि गवंडाळीच्या पुलाखाली
डोक्यावर पदर नसताना
पदर सावरल्यासारखा हात नेला.

मागे मांडवीत जुगाराची जहाजं दिव्यांनी फुगलेली.
एक वळण घेतलं, आणि सगळं विझलं.
मग दोन्ही बाजूंनी कांदळ,
अष्टमीचा चंद्र, आणि चिखलाचा तो वास
जो कुठल्याच नकाशात भरायला सांगितला नव्हता.

बाणस्तारी मागे पडली आणि दहाच्या सुमारास
होडी थांबली. धक्का नाही, आवाज नाही,
मागून कुणी सदरा धरावा, तसं.
ओहोटी.
मी टॉर्च लावून कागद उलगडला. माझाच.
दोन मीटर चाळीस.
चार वरून बंद. मी तसाच काढतो.

शाबलोनं बांबू घातला: गुडघाभर पाणी, खाली नुसता रेंदा.
कागदाकडे बघितलं, माझ्याकडे नाही.
"उदक वाचूंक शिकूंक ना, सायबा,"
म्हणाला, आणि विडी पेटवली.

तीन तास पाणी आम्हाला सोडून जात राहिलं.
चंद्र गेला. बांधाच्या मानशीतून
कुणी चुटक्या वाजवाव्यात तशा कोलंब्या.
टॉर्चच्या टोकाला दोन निखारे दिसले
आणि नवरी ओरडली, "अगं बाई, डॉल्फिन!"
"मानगें," शाबलो म्हणाला. मगर.
दुर्भाटला पौषाच्या अवसेला चिखलाची करतात,
डोळ्यांना शिंपले, दातांना शिंपले,
हात जोडतात: बांध सांभाळ.
निखारे विझले. नवरी बराच वेळ
नवऱ्याच्या शर्टाचं बटण फिरवत होती.

एल्विराबाईंनी पाव फोडले, आत शोरीस,
ठेवायला दुसरं काही नव्हतं म्हणून माझ्या नकाशावर ठेवले.
आत काय आहे, हे विचारायच्या आत
इचलकरंजीचे दोन संपले.

मला लाज वाटायला हवी होती. वाटली, थोडी.
पण त्याहून जास्त, कसं सांगू,
जिचं नाव तीस वर्षं हजेरीपटावर लिहिलं
ती मुलगी एकदम समोर येऊन बसावी,
आणि तिची उंची बघून आपण उठून उभं राहावं.

चारला केव्हातरी होडी हलकी झाली.
झोपलेल्या पोराची कूस बदलावी
तशी पाण्यानं ती बदलली. कुणी काही केलं नाही.
शाबलोनं बांबू माझ्याकडे दिला. "घालात."
घातला. काढला. चौथ्या पेरापर्यंत ओला,
पाणी कोपरावरून बनियनमध्ये उतरलं.
किती मीटर, हा हिशेब मी सुरू केला
आणि अर्ध्यात विसरलो.

"इथं तो भोंगा द्यायचा," एल्विराबाई म्हणाल्या,
"मला काही ऐकू यायचा नाही."
शाबलोनं विचारलं नाही, फक्त इंजिन बंद केलं.
तेवढं वळण आम्ही भरतीवर गेलो.

जुवारी दिसली तेव्हा नकाशाची घडी घालायला घेतली.
बाणस्तारीच्या खाली शोरिसाच्या तुपाचा डाग,
कागद तिथं पारदर्शक झालाय,
मागची नदी दिसते त्यातून.
चार अजून आहे. वरून बंद.